गुरुवारची मोजणी

लेकीने बॅटरीएवढं यंत्र तांबड्या गाईच्या नाकपुडीवर रोखलं आणि बापाने श्वास धरला, जणू त्याचाच ढेकर मोजला जाणार होता. गाईने सावकाश ढेकर दिला. आकडा मागच्या वेळचाच. बापाच्या जिवात जीव आला.

गाईंच्या ढेकरांतून निघणारा वायू हवा तापवतो. पेंडीत रोज मूठभर पावडर मिसळून तो कमी करायचा, असं लेकीच्या संस्थेचं काम होतं. आकडा उतरला की मोजणी संपणार होती. मोजणी संपली की लेक येणार नव्हती. म्हणून बाप पावडरीला हातच लावत नव्हता. संस्थेने दिलेली पोती वैरणीमागे जशीच्या तशी पडून होती.

सहा वर्षांपूर्वी ती शिकायला निघाली, तेव्हा त्यानेच तोंड सोडलं होतं, "गेलीस तर पुन्हा इथे पाय ठेवू नकोस." खाण तशी माती, तिनेही ठेवला नाही. तिच्यावाचून घर त्याला खायला उठायचं, पण 'ये' म्हणायला जीभ रेटत नव्हती. आता कामानिमित्त का होईना, आठ महिने ती दर गुरुवारी येत होती. बुधवारीच तो दाढी करायचा, गोठा दोनदा धुवायचा. ती बोलायची फक्त गाईंशी. तेवढ्यावर तो आठवडा काढायचा.

आज मात्र यंत्र पिशवीत ठेवताना ती फार दमलेली दिसली. आपल्यापायी पोरीचं काम फसतंय, वरचे तिलाच बोल लावत असतील, असं त्याच्या मनात आलं.

"थांब जरा," तो म्हणाला. "तुझ्या पावडरीत खोट नाही. मीच घातली नाही. चिमूटभरसुद्धा नाही. आकडा उतरला की तू यायची नाहीस, म्हणून." त्याने वैरण बाजूला सारून पोती दाखवली. एकाचीही शिवण उसवलेली नव्हती. "उद्यापासून घालतो. तू नाही आलीस तरी घालतो."

लेकीने पोत्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती तांबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"ती पोती मी दुसऱ्याच महिन्यात बघितली, बाबा," ती म्हणाली. "तुमचा गोठा तेव्हाच मोजणीच्या यादीतून काढला. गुरुवारी माझी सुटी असते."