अख्खी गोळी

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, तेव्हा क्रेनवाल्याचं लक्ष दाराकडे होतं. दारापासून संडास अकरा पावलांवर. आल्याआल्या त्याने ते बघून ठेवलं होतं. गेले तीन महिने कुठेही गेलं की आधी हेच. खुर्चीत तो बसला होता, असं आपलं म्हणायचं.

"मोठ्या आतड्याची सूज जराही उतरलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "रक्त पडायचं थांबलेलं नाही. म्हणजे या गोळ्या तुम्हाला लागू पडत नाहीत. आता इंजेक्शनं सुरू करू. आणि उंचावरचं काम कायमचं बंद. तशी चिठ्ठी देतो."

क्रेनवाल्याचं दाराकडचं लक्ष पहिल्यांदाच उडालं. एकोणीस वर्षं तो क्रेनच्या उंच केबिनमध्ये बसत होता. खाली त्याला कुत्रं विचारत नसे. वर मात्र त्याने दांडा ओढल्याशिवाय वीट जागची हलत नसे. पण शिडी उतरायला सात मिनिटं लागत, आणि त्याचं पोट हल्ली दोन मिनिटंही दम धरत नव्हतं.

"हे गोळ्या नेमाने घेतात ना?" डॉक्टरांनी शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोला विचारलं.

प्रश्न तिला झोंबला, कारण हाच संशय तिने तीन महिने नवऱ्यावर घेतला होता. "मी वळले की खिडकीतून थुंकता ना?" असं ती भर जेवणात विचारायची आणि तो ताटावरून उठून जायचा. एकदा तर दोघांनी चार दिवस अबोला धरला. औषध तेवढं रोज वेळेवर त्याच्यासमोर यायचं.

"एक दिवस चुकला नाही, डॉक्टर," तिने पर्समधून रिकाम्या पाकिटांची चळत काढून टेबलावर आपटली. "रोज मीच यांच्या हातात देते. पूडसुद्धा अशी बारीक करते, की..."

टेबलाखाली नवऱ्याचा पाय तिच्या पायावर पडला.

"कसली पूड?" डॉक्टरांचं पेन थांबलं.

ती नवऱ्याकडे बघू लागली. नवरा भिंतीकडे. हे सांगायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. बायकोला तरी त्याने कुठे धड सांगितलं होतं? निम्मं तिनेच ओळखलं, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन चमच्यांमध्ये गोळी चिरडून मधात कालवून द्यायला लागली. पण चिठ्ठीवर 'उंचावरचे काम' इथपर्यंत लिहून झालं होतं. आणखी दोन शब्द, की त्याची क्रेन गेली.

"पहिल्याच आठवड्यात गोळी बाहेर पडली, डॉक्टर," तो एका दमात म्हणाला. "संडासात. अख्खीच्या अख्खी. म्हटलं, आपल्याला ही पचतच नाही. तेव्हापासून हिच्याकडून पूड करून घेतो."

डॉक्टर आता हसणार, म्हणून त्याने मान खाली घातली. डॉक्टर हसले नाहीत.

"ते नुसतं टरफल होतं," ते म्हणाले. "त्या आवरणामुळेच गोळी मध्येच न विरता मोठ्या आतड्यापर्यंत पोचते. औषध तिथे उतरतं, रिकामं टरफल कधीकधी बाहेर पडतं. पूड केली, की औषध वरच्या वर विरून जातं. दुखण्यापर्यंत ते पोचतच नाही. असं काही दिसलं, तर मला विचारायचं. मनाने काही करायचं नाही."

"म्हणजे मीच..." बायकोने पाकिटांची चळत परत पर्समध्ये कोंबली. ज्याला तीन महिने चोर ठरवलं, त्याच्याकडे बघायचीही तिला लाज वाटली. क्रेनवाल्याला मात्र रागावायला वेळ नव्हता.

"मग चिठ्ठी?" त्याने विचारलं.

डॉक्टरांनी तो कागद चुरगळला आणि दुसरा पुढे ओढला.

"दोन महिने रजा घ्या. गोळी अख्खी गिळा. मग क्रेनचं बघू," ते म्हणाले. "तुमचं औषध अजून सुरूच झालेलं नाही."