तातडीची खूण

बाबा आयसीयूत होते; बाहेर लॅपटॉप मांडीवर घेऊन मी माझीच चूक बघत होतो. यकृत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीला रुग्णांची माहिती पाठवणारा प्रोग्राम माझा. 'तातडी', म्हणजे रुग्ण किती गंभीर याचा आकडा, हा रकाना ऐच्छिक, म्हणून आपोआप तयार झालेल्या कोडमध्ये त्याच्या जोडीला एक खूण होती: हा आकडा पाठवायचा का? ती मी 'होय' केलीच नव्हती. आठ महिने कुणाचीच तातडी पोचली नव्हती. बाबांचीही.

"मग कर ना आता," शेजारी बसलेली ताई म्हणाली.

चाचणीत सगळ्यांची तातडी पाठवून पाहिली. चौथ्या नंबरवरचे बाबा अकराव्यावर गेले. यादीत त्यांच्या मागे असलेले सात जण त्यांच्याहून गंभीर होते.

ताईने स्क्रीनवरचा अकरावा नंबर पुन्हा वाचला. "फक्त बाबांची पाठवता येते का रे?"

येत होती. एका ओळीचं काम होतं. ती ओळ तिने विचारायच्या आधीच मी लिहून ठेवली होती.