मागचा डावा दांडा

"हा तुमचाच माणूस ना?" विमा कंपनीच्या बाईंनी टॅब्लेट पिठानं माखलेल्या टेबलावर ठेवला आणि व्हिडिओ सुरू केला.

जेर्मानो फुर्तादोनं एप्रनला हात पुसले, चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. गेल्या रविवारची मिरवणूक. बँड, लाल अंगरख्यांतले पुरुष, फुलांनी मढवलेली ख्रिस्ताची पालखी. आणि मागच्या डाव्या दांड्यापाशी आदेलिनो. चांगलाच वाळला होता. दाढी वाढवली होती, तीही पांढरीफटक.

"तोच," जेर्मानो म्हणाला. "दाढी ठेवायची अक्कल कुणी दिली याला? बोकड दिसतोय नुसता."

बाई हसल्या नाहीत.

हिवाळ्यात बेकरीत मैद्याचं पोतं उचलताना आदेलिनोची कंबर धरली, तेव्हापासून जेर्मानोनं त्याला पाहिलं नव्हतं. कामगारांचा विमा जेर्मानोनंच काढलेला, त्यावर आदेलिनोच्या घरची चूल पेटत होती. पण वकिलानं बजावलं होतं: दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्याला भेटायचं नाही, बोलायचं नाही, फोनसुद्धा करायचा नाही. त्याचं घर दोन गल्ल्या सोडून. तेव्हापासून जेर्मानो लांबच्या रस्त्यानं घरी जायचा. भट्टीपाशी आता एकट्यानं कॉफी प्यायची.

"आता नीट बघा," बाई म्हणाल्या. "चर्चच्या पायऱ्या आल्या."

पालखीचे पुढचे लोक पायऱ्या चढले तसा सगळा भार मागे आला. डावा दांडा कलला. तोवर आदेलिनोनं दांड्याला नुसता हात लावला होता, मानापुरता. त्यानं एकदा इकडेतिकडे पाहिलं. मग खांदा खाली घातला आणि पालखी सावरून धरली.

बाईंनी चित्र तिथंच थांबवलं. "डॉक्टरला सांगतो, वाकता येत नाही. आणि इथं देव उचलतोय! हा नाटक करतोय असं तुम्हालाही वाटत असेल, तर तेवढं सांगा. त्याचे पैसे बंद होतील आणि तुमचा हप्ता वाढणार नाही. वाढला तर जड जाईल हो तुम्हाला. एवढीशी तर बेकरी."

ते खोटं नव्हतं. दुसरी भट्टी त्यानं वसंतातच विझवली होती.

"पुन्हा लावा," जेर्मानो म्हणाला.

बाईंनी खुशीनं पुन्हा लावला. त्यानं सांगितलं म्हणून आणखी एकदा लावला.

जेर्मानो खांद्याकडे बघतच नव्हता. तो आदेलिनोचं तोंड बघत होता. ते मिटलेलं होतं.

मागच्या डाव्या दांड्याला दोन जागा. पुढची जेर्मानोची, मागची आदेलिनोची, दोन्ही त्यांच्या बापांकडून आलेल्या. दुसऱ्याच्या जागी आगंतुकासारखा कुणी खांदा घालत नाही. दरवर्षी चर्च येईपर्यंत आदेलिनो त्याच्या मानेशी पुटपुटत राहायचा, "सरळ चाल रे गाढवा, देव सांडशील." ख्रिस्ताच्या पालखीखाली जेर्मानोला हसू आवरायचं नाही. चर्चमध्ये शिरताना बायको डोळे वटारायची. यंदा मिरवणुकीला गेला असता तर आदेलिनोच्या पुढ्यातच उभं राहावं लागलं असतं. म्हणून ऐन सकाळी गुडघ्याचं निमित्त सांगून त्यानं निरोप धाडला होता, आणि दिवसभर खिडकी लावून घरात बसला होता. तरी बँड ऐकू आलाच. त्या शिवीसाठी त्याचा जीव तळमळत होता.

"मिस्टर फुर्तादो, काय ते एकदा सांगा," बाई म्हणाल्या. "उचललीय की नाही यानं?"

"उचललीय."

"मग झालं तर."

"झालं कसं? ते ओझं दोघांचं आहे."

"दोघांचं म्हणजे?"

जेर्मानोनं पिठाचं बोट काचेवर टेकवलं, आदेलिनोच्या बरोबर पुढ्यात, जिथं दांडा नुसताच अधांतरी होता.

"हा मी."

बाईंनी टॅब्लेट जवळ ओढला, मान वाकडी करून पाहिलं. "इथं तर कुणीच नाही."

"तेच तर सांगतोय, बाई."