चौथ्याच मॅचला

"अहो, चौथी मॅच! मोसम सुरू होऊन दहा दिवस झाले नाहीत आणि आपला कॅप्टन बाकावर बसून टाळ्या पिटतोय!" मी हातातली कागदाची सुरळी साहेबांच्या टेबलावर आपटली.

गोदामात साहेबांचं आणि माझं एकाच गोष्टीवर पटायचं, ती म्हणजे आमची बास्केटबॉलची टीम. काल ती एकवीस गुणांनी हरली होती.

"म्हणे गुडघा जरासा दुखतोय. पुढे वाढू नये म्हणून आत्ताच विश्रांती," साहेब म्हणाले. "नुसते नखरे!"

"दुखतोय तर दुखू दे की! आमचे गुडघे काय लोखंडाचे आहेत? उचलतोच ना आम्ही दिवसभर खोकी?"

"अगदी माझ्या मनातलं बोललास."

"हल्ली जो उठतो तो डॉक्टरांचं नाव पुढे करतो. मी मालक असतो ना, तर अशाला दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता. कायमचा!"

साहेब भलतेच खूश झाले. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, पण रागाच्या भरात मी बसलोसुद्धा नाही.

"बरं, तू वर कशाला आला होतास? आणि ही सुरळी कसली?"

मी सुरळीकडे पाहिलं.

"काही नाही साहेब. पुढच्या मॅचचं वेळापत्रक."

डॉक्टरांची चिठ्ठी मी खिशात कोंबली आणि कठडा धरून, उजवा पाय ओढत, प्रत्येक पायरीला कॅप्टनला एकेक शिवी हासडत जिना उतरलो.