चढावरच्या गल्लीची दहा मिनिटं

भिवानं पाणी बंद करायची लांब चावी रस्त्यातल्या खड्ड्यात घातली, तेवढ्यात सुनेत्रा धावत आली. केस मोकळे, पायात चप्पल नाही.

“भिवाकाका, बंद नका ना करू! आत्ता कुठं स्वच्छ यायला लागलंय. बाबांना आंघोळ घालायचीय.”

तिचे सासरे बाबुराव पहाटे चारला गेले होते. भिवाला ते कळलं होतंच. लालबागच्या या दोन गल्ल्यांचं पाणी तो वीस वर्षं सोडत होता, आणि वीस वर्षं सकाळचा पहिला चहा बाबुरावांच्या दारात घेत होता. पण साडेसहा वाजले होते. खालच्या गल्लीची वेळ संपली होती.

“घरात भरलेलं नाही?”

“होतं की! सुंदरआत्यांनी ओतून टाकलं. पिंप, हंडे, कळश्या, सगळं.”

आता बाबुरावांच्या त्या म्हाताऱ्या बहिणीला तरी काय बोलणार? माणूस गेलं की घरातलं भरलेलं पाणी ठेवायचं नाही, हे तिनं जन्मभर पाळलेलं. सहाला नळ येणारच होता. आला, पण चहाच्या रंगाचा. तीन दिवस हेच चाललेलं, त्यामुळे शेजाऱ्यांकडेही पोरांना प्यायला ठेवलेल्या बाटल्यांपलीकडे थेंब नव्हता. जारवाला दुकान उघडतो नवाला, आणि शववाहिनी यायची होती आठला.

“दहाच मिनिटं, काका.”

दहाच मिनिटं! जशी काही भिवाच्या खिशात होती. लाईन एकच. साडेसहाला खाली बंद करायचं, वर चढावरच्या गल्लीला सोडायचं, आणि सातला मागून टाकीच बंद. दोन्हीकडे चालू ठेवलं तर कुणालाच धड येत नाही. नव्या लाईनचं त्यानं पाणीखात्याच्या साहेबांना किती वेळा विचारलं. साहेबांनी एकदा समोर बसवून कागदावर मांडून दाखवलं होतं, खर्च किती येतो आणि दोन गल्ल्यांची पाणीपट्टी किती जमते. हिशेब कुठं चुकत नव्हता. त्या दिवसापासून भिवानं विचारणं सोडलं.

त्यानं चावी बाहेर काढली. “भर. पण पटापट भर गं बाई.”

तो फुटपाथवर बसला. बाबुराव गेले याचं रडू यायला हवं होतं, आणि त्याचं सगळं लक्ष घड्याळात. स्वतःचीच शरम वाटली त्याला. सहा-चाळीसला त्यानं खालचं पाणी बंद केलं, वरचं सोडलं आणि चढ चढून वर गेला.

वर बावीस बिऱ्हाडं आणि नळापुढं बादल्यांची रांग. पहिली पंधरा मिनिटं गढूळच आलं, ते सगळ्यांनी गटारात सोडलं. मग स्वच्छ धार लागली, करंगळीएवढी. तिसरी बादली अर्धी झाली आणि सात वाजले. नळ खाकरला आणि गप्प झाला.

एरवी इथं भिवाच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. आज जो तो आपलं भांडं उचलून निघाला. रांगेत चौथी होती रश्मी. तिनं रिकामा हंडा कमरेवर घेतला.

“खाली बाबुराव गेले गं,” भिवा म्हणाला. “आंघोळीला पाणी नव्हतं.”

“कळलं आम्हाला. मेलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार?”

ती दोन पावलं गेली आणि परत आली. आवाज खाली आणून म्हणाली, “काका, आमच्या आजीचं पण आता काय खरं नाय. डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलंय. तिच्या वेळेला आम्हाला पण द्याल ना दहा मिनिटं?”

“देईन,” भिवा म्हणाला.

कुणाची काढून देणार, ते तिनं विचारलं नाही.