म्हाताऱ्यांची खुर्ची

"मी मान हलवली की हे बटण दाबायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही, आई," सून म्हणाली.

"बाकीचं काही माझ्या हातात ठेवलंयस कुठे?" असं म्हणून सासूबाई लॅपटॉपसमोर बसल्या.

खाली कारखान्यात करवत बंद होती. आवाज वर जाऊ नये म्हणून मुलाने यंत्रं थांबवली होती आणि कामगारांना चहाला पाठवलं होतं. स्वतः जिन्याच्या पायथ्याशी उभा होता. आई आणि बायको एका खोलीत असल्या की तो नेहमी तिथेच सापडायचा.

वरच्या खोलीत सुनेने खिडकीजवळ नवी खुर्ची मांडली होती. ती पायापासून पाठीपर्यंत दिसावी म्हणून लॅपटॉप पार समोरच्या भिंतीशी, टेबलावर. पडद्यावर खुर्चीचं मोठं चित्र आणि कडेला तीन छोटे चौकोन. चौकोनांत तीन माणसं. ती लांबच्या शहरात बसून मोठमोठ्या दुकानांसाठी माल निवडायची. आपापले माईक बंद करून गप्प बघत होती. मधल्या बाईंच्या हातात कप होता.

त्यांनी हो म्हटलं तर खुर्ची त्यांच्या सगळ्या दुकानांत जाणार होती. पण खरी अडचण टेबलाच्या अलीकडे बसली होती. या कारखान्याची रीत अशी, की नव्या खुर्चीवर आधी सासूबाई बसणार. त्या बसल्याशिवाय तशा दुसऱ्या खुर्चीसाठी लाकूड कापायचं नाही. सासरे गेल्यावरही ही रीत कुणी मोडली नव्हती. आणि या खुर्चीवर बसायला त्यांनी साफ नकार दिला होता.

"म्हाताऱ्यांची खुर्ची आहे ती," त्या म्हणाल्या होत्या. "कुणी म्हातारं सापडलं की बसवा."

सुनेने मग या लोकांनाच गाठलं. त्यांनी पसंत केली तर आई बसतील, असा तिचा अंदाज. सासूबाईंचा अंदाज त्याहून सोपा. तिघांनी नाकं मुरडली की खुर्ची जळणात.

सून बोलू लागली. घरात तिचं बोलणं मोजकं. हो आई, बघते आई, ठेवते आई. ही मुलगी एका दमात एवढं बोलू शकते हे सासूबाईंना माहीत नव्हतं. लाकूड कुठलं, सांधे कसे, बैठक किती उंच. सून मान हलवायची, सासूबाई बटण दाबायच्या. मग एक छोटी फिल्म आली. तिच्यात खुर्चीवर वाळूची पोती टाकत होते. खुर्ची हलली नाही. मधल्या बाईंनी कप तोंडाशी नेला.

"आता खुर्चीच्या या हातांबद्दल सांगते," सून म्हणाली.

सासूबाईंनी चौकोनांकडे पाहिलं. जरा पुढे झुकून पुन्हा पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. सुनेने मान हलवली. त्यांनी बटण दाबलं.

"आमच्या घरात एकजण आहेत," सून म्हणाली. "उठताना त्या टेबलाची कड धरतात. आधी इकडेतिकडे बघतात, कुणी पाहत नाही ना. मी जवळपास असले तर मुद्दाम भांडी वाजवते, म्हणजे त्यांना वाटावं माझं लक्ष नाही. आधाराला हात दिला तर आठवडाभर माझ्याशी बोलणार नाहीत. म्हातारं त्यांना म्हणू नका. त्यांचे गुडघे तेवढे म्हातारे झालेत."

बोलताना ती खुर्चीच्या हातावरून हात फिरवत होती. सासूबाईंकडे तिने पाहिलं नाही.

"म्हणून हे हात नेहमीपेक्षा पुढे काढलेत. टोकाशी जरा वर उचललेत. दाबलं की माणूस आपोआप उभं राहतं. जोर आपलाच. कुणी उठवलं असं वाटत नाही."

तिने मान हलवली. चित्र बदललं नाही. तिने पुन्हा हलवली. सासूबाईंनी डोळे पुसले आणि बटण दाबलं.

शेवटी सून म्हणाली, "काही प्रश्न?"

कुणी बोललं नाही. ती थोडी थांबली, मग टेबलाशी आली. मधल्या बाईंचा कप अजून तोंडाशीच होता. बाकीचे दोघेही पुतळ्यासारखे.

"आई, हे तर अडकलंय. कधीपासून?"

"पोती टाकून झाली तेव्हापासून."

सून मटकन स्टुलावर बसली. "म्हणजे हातांचं त्यांनी काहीच ऐकलं नाही. आणि मी आपली भिंतीला सांगत बसले."

तिचा मोबाईल वाजला. त्या लोकांचाच निरोप होता. लाइन तुटली, माफ करा, परत जोडता का, खुर्ची वापरताना कशी दिसते ते बघायचं आहे.

सासूबाईंनी उठायला टेबलाची कड धरली. सून लगेच पाठ करून वायरी उचलू लागली, जरा जास्तच आवाज करत.

"खडखडाट पुरे," सासूबाई म्हणाल्या. "बघितलंस तरी चालेल."

त्या सावकाश खिडकीपर्यंत गेल्या. नव्या खुर्चीवर बसल्या. तिच्या हातांवर हात ठेवले, दाबलं आणि उभ्या राहिल्या. मग पुन्हा बसल्या.

"जोड परत. या वेळी रिकामी दाखवू नकोस."

सुनेचं बोट बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं.

"लाइन तुटलेली तुम्हाला दिसत होती, आई. मग मला थांबवलं का नाही?"

"त्यांना काय, तू आता पुन्हा सांगशील," सासूबाई म्हणाल्या. "मला कधी सांगितलं असतंस?"