पत्ता चाळीस

घरभर नेट वाटणाऱ्या स्विचवर वायरी लावायला आठ पोर्ट होते. चार रिकामे, चार भरलेले, आणि भरलेल्या चारांचे हिरवे दिवे चालू. प्रत्येक वायरीला दादाच्या अक्षरातली चिठ्ठी होती: एक, राउटर. दोन, वरची खोली. तीन, बाबा. चार, माझी.

वरच्या खोलीत वहिनीचा कॉम्प्युटर होता. बाबांच्या खोलीत नेटवर चालणारा टीव्ही. जेवण झालं की ते दार लावून बातम्या बघत. आवाज बंद ठेवून. दादा गेल्यापासून त्यांना आवाज सहन होत नसे. चौथी वायर दादाच्या टेबलावर यायची. तिथे आता त्याची धाकटी बहीण आपला कॉम्प्युटर मांडून बसली होती, आणि त्या कॉम्प्युटरच्या आत दादाचा लॅपटॉप चालू होता.

खरा लॅपटॉप नव्हे. तो पाच महिन्यांपूर्वी दादाबरोबरच गेला. गाडी धरणातून वर काढली तेव्हा दादा सीटवर होता, बॅग नव्हती. "बॅग मी माझ्या हातानं त्याच्या शेजारी ठेवली," बाबांनी पोलिसांना सांगितलं होतं. "लॅपटॉप आतच होता. त्यानं माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही." गाडीची एक काच फुटली होती. बॅग वाहून गेली, असं ठरलं.

पण दादा दर रविवारी लॅपटॉपची पूर्ण नक्कल एका डिस्कवर काढून ठेवायचा. ती डिस्क कपाटात सापडली. बहिणीनं तिच्यापासून व्हर्च्युअल मशीन तयार केली, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर. तोच स्क्रीन, तीच मेलपेटी, पासवर्ड आधीच भरलेला.

दादा गेला त्या संध्याकाळी बाबांचं आणि त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तेव्हापासून बाबा एकच वाक्य बोलत, "माझ्यामुळे झालं." त्यांचं वजन अकरा किलोंनी उतरलं होतं. दादाच्या शेवटच्या मेलमध्ये दुसरं काही कारण सापडलं, तर बाबा या पाच महिन्यांतून बाहेर येतील, एवढीच तिची आशा होती.

आज सकाळी मशीनला नेट मिळालं. एकेचाळीस नव्या मेल दिसल्या. अकरा उतरल्या, सगळ्या जाहिराती. तेवढ्यात वहिनीनं जेवायला हाक मारली आणि तिनं मशीन बंद केली.

"काही मिळालं?" बाबांनी जेवताना विचारलं.

"अकरा उतरल्यात, बाबा. तीस बाकी आहेत."

"शेवटच्या दिवसाच्या?"

"त्याच राहिल्यात. जेवून बघते."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "जरा पडतो," म्हणाले आणि उठले.

"बघितलंस?" वहिनी म्हणाली. "आजही अर्धपोटी."

बहिणीनं परत येऊन मशीन चालू केली, तर तिला नेट नव्हतं. स्क्रीनवर एक ओळ होती: हा पत्ता दुसरं यंत्र वापरत आहे.

दादाच्या लॅपटॉपचं वायफाय केव्हाच मेलं होतं. तो वायरवरच चालायचा, म्हणून घरच्या नेटवर्कवर दादानं त्याला कायमचा पत्ता देऊन टाकला होता. शेवटचा आकडा चाळीस. नकलेतही तोच आला होता.

तिनं गुरूला फोन लावला. गुरू म्हणजे कॉलेजातला मित्र. एका कंपनीचं नेटवर्क सांभाळायचा.

"मशीन दोनदा चालू केली असशील," तो म्हणाला. "नकलेची नक्कल."

"एकच आहे. तीनदा मोजली."

"एक वस्तू तीनदा मोजणारी तूच गं बाई. बरं, पत्ता बदल."

"दादाचा मुख्य पासवर्ड मागतंय. जोडणीचा प्रकारही बदलून बघितला. हा पत्ता घरच्या नेटवर्कशिवाय चालत नाही."

वहिनी चहा घेऊन दारात आली. "अजून तेच? सोड ना आता. त्याचं त्याच्याबरोबर गेलं."

"तुम्हाला कळायला नको का, वहिनी?"

"मला कळून काय करायचंय?" वहिनीनं कप ठेवला आणि ती जिना चढून गेली. पावलं नेहमीपेक्षा भरभर वाजली.

"मशीन बंद कर," गुरू फोनवर म्हणाला, "आणि चाळीसला पिंग कर, म्हणजे नेटवर्कवरून हाक दे. उत्तर आलं नाही, तर दोष मशीनचाच."

तिनं मशीन बंद केली. पिंग केलं. उत्तर आलं. मग दर सेकंदाला एक येत राहिलं.

"नक्की बंद आहे?"

"बंद आहे."

"यंत्राचं नाव विचार."

तिनं विचारलं. "कासव," तिनं वाचलं. "दादानं लॅपटॉपला ठेवलेलं नाव."

"नकलेचंही तेच असणार ना."

"नक्कल बंद आहे, गुरू."

गुरूची थट्टा संपली होती. "एकेक वायर काढ," तो म्हणाला. "जी काढल्यावर उत्तरं थांबतील, त्या वायरीवर ते यंत्र."

तिनं स्विचवरची एक नंबरची वायर काढली. घराचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. चाळीसची उत्तरं येत राहिली. तिनं ती परत लावली.

मग दोन. बोट वायरीवर ठेवून ती क्षणभर छताकडे बघत राहिली. काढली.

"अगं, माझं नेट गेलं!" वरून वहिनी ओरडली.

उत्तरं येत राहिली. तिनं दोन परत लावली.

तीन काढली. उत्तरं थांबली.

भिंतीपलीकडे, बाबांच्या खोलीत, खुर्ची सरकली.

तिनं तीन परत लावली. चौथ्या सेकंदाला चाळीसनं उत्तर दिलं. लागलेला वेळ, एक मिलिसेकंद.